दोन काळजं, एकच ठोका

डॉ. सुकन्या बनसोडे यांना माणसांची तोंडं लक्षात राहत नसत. लग्नकार्यात कुणी समोर येऊन "ओळखलंत का?" म्हणालं की त्यांची पंचाईत व्हायची. मग त्या नुसत्या हसायच्या आणि मदतीसाठी आईकडे बघायच्या. पण त्याच माणसाचं हृदय एकदा पडद्यावर पाहिलेलं असलं, तर जन्मात विसरायच्या नाहीत. कुठल्या झडपेला सुरकुती आहे, कुठली शीर वाट सोडून भलतीकडून आली आहे, सगळं डोक्यात पक्कं. आई म्हणायची, "हिला स्थळं दाखवताना फोटोऐवजी एक्स-रे पाठवायला हवे होते." त्यामुळे मायाक्का तपासायला आली तेव्हा सुकन्याबाईंनी तिच्या तोंडाकडे धड पाहिलं नाही, यात नवल काही नव्हतं. पुढे मात्र याच गोष्टीचा त्यांना स्वतःचा फार राग आला.

मायाक्का आली उन्हाळ्याच्या तोंडाशी, नवऱ्याबरोबर. नवरा सिद्धाप्पा मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावरचा मेंढपाळ. खांद्यावर घोंगडं आणि हातात हॉस्पिटलचं जुनं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं. त्याने ते खिडकीत सरकवलं, आतल्या मुलीने नंबर टाकला आणि कॉम्प्युटरने दोन वर्षांपूर्वीचं सगळं पुढ्यात ओतलं. नाव तेच, गाव तेच, फोन तोच. हृदयाच्या मधल्या पडद्याला मोठं भोक. ते बुजवायची तारीख दिली होती, पण पेशंट आलाच नव्हता.

"इतके दिवस होता कुठं?" सुकन्याबाईंनी जरा दरडावूनच विचारलं.

"मेंढरं घिऊन खाली कर्नाटकात हुतो," सिद्धाप्पा म्हणाला.

"आणि धाप?"

"लागतीया की. लई लागतीया आता. चार हंडं आनलं की बसूनच ऱ्हाती."

बाई मायाक्काकडे वळल्या. "मुलं किती तुम्हाला?"

तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग शाळेतल्या पोराने पाठ म्हणावा तशी म्हणाली, "दोन."

"धाप कधीपासून?"

"धाकट्याच्या बाळंतपनापासनं."

तपासायला तिने हात वर केला तशा बांगड्या घरंगळत थेट कोपरापर्यंत गेल्या. "बारीक झालात," बाई यंत्राकडे बघत म्हणाल्या. "कागदावर वय बत्तीस आणि दिसता विशीतल्या. माळावरची हवा मानवलेली दिसते." त्यांना वाटलं, आता दोघं हसतील. कुणी हसलं नाही.

छातीवरून केलेल्या सोनोग्राफीत भोक स्पष्ट दिसलं. हृदयाची उजवी बाजू फुगत चालली होती. आणखी वर्षभर असंच गेलं असतं तर पोरगी चालता चालता कोसळली असती. बाईंनी समजावून सांगितलं, की मांडीच्या शिरेतून तार आत घालायची, तारेच्या टोकाला मिटलेली छत्री असते, ती भोकात नेऊन उघडायची की भोक बंद. छाती फाडायची गरज नाही. पण छत्री नेमकी बसली पाहिजे. बोटभर इकडेतिकडे झाली तर निसटते, आणि धडधडत्या हृदयात निसटलेली छत्री माणसाचा जीव घेऊ शकते.

"सीटी स्कॅन झालाय ना यांचा?"

"झालाय की," सिद्धाप्पा म्हणाला. "हितंच झालाय. मायाक्काचं समदं हितंच झालंय."

यातला शब्दन् शब्द खरा होता. बाईंनी जुना स्कॅन उघडला आणि त्यांचा चेहरा उजळला. हे हृदय त्यांच्या ओळखीचं होतं! डाव्या बाजूला एक जादा शीर उतरत होती, हजारात एखाद्यालाच असते तशी. जुना शेजारी रस्त्यात भेटावा तसा त्यांना आनंद झाला. भोक काही जागा बदलत नाही आणि माप तर टेबलावर घ्यायचंच आहे, असं म्हणून त्यांनी नवा स्कॅन सांगितला नाही. हातची सवय, दुसरं काय.

हॉस्पिटलात गेल्या वर्षी एक नवं यंत्र आलं होतं, आणि ते चालवायचं काम वळसंगच्या सुमितकडे होतं. सुमित कानडीत विचार करायचा, मराठीत बोलायचा आणि दोन्हीत भरपूर बोलायचा. स्कॅनमधल्या शेकडो पातळ चकत्या तो एकावर एक रचायचा, आणि मग काळ्या काचेच्या पाटावर, हवेत, मूठभर हृदय उभं राहायचं. चष्मा नको, पडदा नको. चहूबाजूंनी फिरून बघा, बोटाने गरकन फिरवा, उभं चिरून आत डोकवा. पेशंटच्या छातीवर ईसीजीच्या तारा लावल्या की ते हवेतलं हृदय पेशंटच्या ठोक्याबरोबर उडायला लागायचं. म्हणजे आकार स्कॅनमधला आणि ठोका समोरच्या माणसाचा. बार्शीच्या एका व्यापाऱ्याने स्वतःचं हृदय असं हवेत पाहून "एवढंच?" म्हणून विचारलं होतं. बहुतेक नातेवाईक मात्र हात जोडायचे, आणि एकदोघं तर चप्पल काढायचे.

ठरल्या सकाळी मायाक्काला टेबलावर घेतलं. तारा लावल्याबरोबर पाटावरचं हृदय दचकल्यासारखं हललं आणि धडधडू लागलं.

सुमित आज गप्प होता. सुकन्याबाईंच्या ते लक्षात आलं.

"काय रे, बायकोशी भांडलास?"

"नाही मॅडम." तो पाटाकडे बघत राहिला. "ह्याचं चालणं बघा की. दुसऱ्याची चप्पल पायात घालून चालावं तसं करतंय."

बाईंनी पाहिलं. ठोका नेमका होता, तरी प्रत्येक ठोक्याला ते हृदय किंचित अडखळत होतं. आकुंचन पावताना कुठे घाई होत होती, तर कुठे उशीर. "स्कॅन जुना आहे, म्हणून," त्या म्हणाल्या. भूलतज्ज्ञ डॉ. राजशेखर यांनी पेशंटला झोपवलं. झोपता झोपता ती पुटपुटली, "पोरास्नी सांगू नका." काय सांगू नका ते कुणी विचारलं नाही. भुलीच्या गुंगीत माणसं काय काय बोलतात.

मग घशातून सोनोग्राफीची नळी आत गेली. या नळीतून हृदयाचं त्या क्षणाचं चित्र मिळतं, आणि यंत्र ते निळ्या रंगात जुन्या चित्रावर बसवतं. एरवी डबीवर झाकण बसावं तसं ते अलगद बसतं.

त्या दिवशी बसलं नाही.

हवेत दोन हृदयं उभी राहिली. एक तांबूस, एक निळं, एकाच जागी, एकमेकांत घुसलेली. दोन्ही एकाच ठोक्यावर उडत होती. तांबूस मिटलं की निळं मिटे, तांबूस फुगलं की निळं फुगे, पण एकाची भिंत दुसऱ्याच्या पोटातून आरपार जात होती. सुमितने जुळवाजुळव करून पाहिली, फिरवलं, सरकवलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. दोन्ही तशीच. एका अंथरुणावर दोघींना झोपवलं आणि एकीनेही सरकून जागा दिली नाही, असं काहीतरी ते दिसत होतं. ए.सी. चालू असून डॉ. राजशेखरांनी कपाळ पुसलं.

"नळी फिरवून बघू," बाई म्हणाल्या. त्यांनी फिरवली. निळ्या हृदयात डाव्या बाजूला जादा शीर नव्हती. ती कधी असल्याची खूणही नव्हती. आणि भोक तांबड्यातल्यासारखं वर नव्हतंच, खाली होतं, खालची कड कागदासारखी पातळ. तांबड्या चित्रावर विसंबून छत्री सोडली असती तर ती त्या कडेवरून घसरून गेली असती.

आयुष्यात पहिल्यांदा बाईंना पेशंटच्या छातीवरची चादर बाजूला करून खाली कोण आहे ते बघावंसं वाटलं. त्यांनी टेबलावरच्या तोंडाकडे पाहिलं. विशीतली पोरगी होती ती. हनुवटीवर गोंदलेला हिरवा ठिपका अजून ताजा दिसत होता.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "ही ती नाही."

"मग हे कुणाचं?" सुमितने पाटाकडे बोट केलं. तांबडं हृदय त्या झोपलेल्या पोरीच्या ठोक्यावर खुशाल चाललं होतं.

सिद्धाप्पा बाहेर बाकावर बसला होता. बाई त्याच्या शेजारीच बसल्या.

"सिद्धाप्पा, खरं सांगा. आत झोपली आहे ती कोण?"

"मायाक्का की."

"दोन वर्षांपूर्वी जिचा स्कॅन झाला ती?"

"मायाक्काच."

"ती आणि ही एकच?"

सिद्धाप्पाने घोंगड्याचं टोक दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ चोळलं. खोटं बोलणाऱ्या माणसाचा त्याचा चेहरा नव्हता. अवघड प्रश्न विचारल्यावर पोरं बघतात तसा तो बघत होता. "बाई, आमच्या घरात जागा रिकामी ठिवत न्हाईत," तो शेवटी म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिली मायाक्का तारखेच्या आधीच गेली होती, माळावर, मेंढरांच्या मागे चालताना. पदरात दोन लहान पोरं. त्यांच्या घराण्याची जुनी रीत अशी, की अशी सून गेली तर दहाव्याच्या आत तिची धाकटी बहीण आणून बसवायची. थोरलीचं नाव तिला द्यायचं, थोरलीच्या बांगड्या भरायच्या, पोरांना सांगायचं की आई माहेरी गेली होती, आली परत. आणि रडायचं नाही. कुणीच रडायचं नाही. रडलं तर गेलेलीला कळतं की आपण गेलो, आणि मग ती नवीला जागेवर बसू देत नाही. धाकटीचं नाव दानेश्वरी. माहेरी तिला दानी म्हणत. लग्नानंतर ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

"आणि हिलाही तोच आजार निघाला," बाई म्हणाल्या.

"आजार मायाक्काचा हाय," सिद्धाप्पा म्हणाला. "जागंवर बसली की त्यो बी आला."

सख्ख्या बहिणींत असा दोष कधीकधी दोघींना असतो, हे बाईंना ठाऊक होतं. हे त्यांनी त्याला सांगितलंही. त्याने मान डोलावली, पण पटल्याचं काही दिसलं नाही. बाईंना त्याचा संताप आला. दोन पोरींचे जीव आणि याला एकच नाव! आणि त्याच वेळी स्वतःच्या डोळ्यांचाही आला. हे दोघं समोर येऊन बसले होते, आणि आपण काय पाहत होतो?

दुपारी दानेश्वरीची भूल पूर्ण उतरली. तिला शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. छातीवर तारा होत्या, कारण भुलीनंतर ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं. बाईंनी तिला काय झालं ते सगळं सांगितलं, तिच्या खऱ्या नावाने हाक मारून सांगितलं. नाव ऐकताच तिने दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

"मला म्हाईत हुतं," ती हळूच म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"आक्का हाय म्हनून. मी एकली नसती कदीच. धाकलं पोरगं निजताना छातीवर कान ठिवतं अन् म्हनतं, ह्ये वाजनं आईचं न्हाय. थोरलं ऐकतं, त्येच तेवडं ऐकत न्हाय." तिने भिंतीकडे पाहिलं. "मग त्ये उटून दुसरीकडं कान लावतं. बाजंला, भिताडाला. अन् तितं निजतं."

खोलीत ऊन होतं, बाहेर रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या, तरी सुकन्याबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी कामाचं बोलायला घेतलं. नवा स्कॅन काढायचा, तुझ्या हृदयाचं चित्र तयार करायचं, परवा छत्री घालायची. सिद्धाप्पाला बोलावून त्यालाही तेच सांगितलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.

त्याने कागदाला हात लावला नाही. "मला दावा," तो म्हणाला.

"काय?"

"तिचं. तुमी म्हनला न्हवं, आत हवंत हुतं म्हनून. मला बगायचंय."

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं, आणि पुढे कित्येकदा त्यांनी ते स्वतःला सुनावलं. पण दोन वर्षं न रडलेला माणूस समोर उभा होता. त्यांनी सुमितला खूण केली. सुमितने नाइलाजाने पाट ढकलत आणला, दानेश्वरीच्या पलंगाशी लावला आणि यंत्र चालू केलं. तारा तिच्या छातीवर होत्याच.

तांबडं हृदय हवेत वर आलं आणि चालू लागलं.

सिद्धाप्पाने हात जोडले नाहीत. चप्पल काढली नाही. तो नुसता जवळ गेला आणि वाकला, इतका की त्याचा श्वास त्या चित्रातून आरपार गेला असेल. "मायाक्का," तो म्हणाला. पलंगावरच्या पोरीने हा आवाज कधीच ऐकला नसावा, असं तिच्या तोंडावरून दिसलं. घरात तिला याच नावाने हाक मारायचे, पण अशी नव्हे.

"जिती हाय," तो म्हणाला.

"नाही सिद्धाप्पा. आकार तिचा आहे, पण ठोका हिचा आहे. या तारा बघा."

"भोक कंचं?"

बाईंनी बोटाने दाखवलं.

"बुजवा."

"अहो—"

"तुमी म्हनला हुता बुजतंय म्हनून. तारीख दिली हुती तुमी. मीच म्हनलो, मेंढरं इकली की जाऊ." त्याने हवेतल्या त्या भोकावर बोट धरलं. "आदी तिचं बुजवा. मग हिचं काय करायचं त्ये करा. न्हाईतर मी सही करनार न्हाय."

बाई दानेश्वरीकडे वळल्या. ती सज्ञान होती, तिची स्वतःची सही पुरेशी होती, पण तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला बाईंच्याही ते डोक्यात आलं नाही. बायकांच्या कागदावर नवऱ्याची सही घ्यायची सवय शिकल्यासवरलेल्यांनाही असते.

"करा आक्काचं," दानेश्वरी म्हणाली.

यंत्रात सरावासाठी खोट्या छत्र्या असतात. डॉक्टर आदल्या दिवशी त्या चित्रात बसवून बघतात. दोन मिनिटांचं काम. म्हाताऱ्या माणसाच्या समाधानासाठी कुणी नुसती साखरेची गोळी देतं, तसंच हे, असं बाईंनी स्वतःला समजावलं. त्यांनी हवेतून एक छत्री उचलली, त्या धडधडत्या तांबड्या भिंतींमधून आत नेली आणि भोकावर उघडली. छत्री चपखल बसली. दोन वर्षांपूर्वी बसली असती तशीच. पडद्यातून पलीकडे गळणारी रक्ताची धार थांबली आणि मायाक्काचं काळीज धडधाकट चालू लागलं. सुमितने डोळे पुसले. सुकन्याबाईंनाही बरं वाटलं, अगदी मनापासून. आपण काहीतरी चांगलं केलं असं त्यांना वाटलं.

सिद्धाप्पाने सुस्कारा सोडला. घोंगडं खांद्यावर नीट टाकलं. मग पलंगाकडे बघून म्हणाला, "चल. उतर खाली."

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"घरी. झालं की आता."

"काय झालं?"

"मायाक्काचं भोक बुजलं. माज्या डोळ्यांनी बगितलं म्या." तो वेड्यासारखा बोलत नव्हता. बाजाराहून निघताना माणूस बोलतो तसं बोलत होता. "लई उपकार झालं बाई. पोरं वाट बगत असतील."

"सिद्धाप्पा, हिचं भोक तसंच आहे! हिला असंच नेलंत तर हीही जाईल. ऐकताय का?"

तो ऐकत नव्हता. पाटावरचं हृदय एकदम जोरात उडायला लागलं होतं. क्षणापूर्वी संथ चालणारं ते आता पिंजऱ्यातल्या पाखरासारखं धडपडत होतं. सिद्धाप्पाचा चेहरा फुलला. "बगा," तो म्हणाला, "वळखलं मला तिनं."

बाईंनी पलंगाकडे पाहिलं. दानेश्वरीच्या गळ्याची शीर ताडताड उडत होती. पोरगी भ्यालेली होती. इतकी भ्यालेली, की तिच्या भीतीने मेलेल्या बहिणीचं काळीज धावत होतं, आणि तिचा नवरा ते बघून हसत होता.

"उतर म्हनलं न्हवं?" सिद्धाप्पा म्हणाला, पाटावरची नजर न काढता.

दानेश्वरी उतरायला लागली. दोन वर्षं ती हेच करत आली होती, उतर म्हटलं की उतरायचं, बस म्हटलं की बसायचं. तिने पाय खाली सोडले. मग छातीवरची पहिली तार ओढून काढली.

हवेतलं हृदय अडखळलं.

तिने ते पाहिलं. हातातल्या तारेकडे पाहिलं. पुन्हा हृदयाकडे पाहिलं. मग सावकाश दुसरी तार काढली. हृदय एकदा मिटलं, बऱ्याच वेळाने उघडलं, आणि पुन्हा मिटावं की नाही अशा विचारात असल्यासारखं थरथरत राहिलं. तिने शेवटची तार काढली.

ते थांबलं. विझलं नाही. अर्धवट उघडलेलं, बुजवलेल्या भोकासकट, तसंच हवेत लटकत राहिलं.

"लाव!" सिद्धाप्पा किंचाळला. "लाव त्ये परत! मायाक्का! लाव की गं!"

दानेश्वरी तारा मुठीत धरून बसली होती. आत्तापर्यंत तिचं घर, तिची पोरं, तिचं नाव, सगळं दुसरीच्या मालकीचं होतं. तिच्या हातात आपलं म्हणून एवढंच काय ते आलं होतं, आणि ते काय आहे ते तिला नीट कळलं होतं.

"दाजी," ती म्हणाली.

बहिणीच्या नवऱ्याला मारायची ती हाक. लग्नापासून तिला मनाई असलेली. सिद्धाप्पा गप्पकन थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या जागी कुणाला तरी न पाहता, तिच्याकडेच पाहिलं.

"आक्का गेली, दाजी. मी दानी हाय. ह्ये ठोकं माजं हायत, तिचं न्हाईत. अन् भोक बी माजं हाय. त्ये कुनी बुजवलं न्हाय अजून."

सुमितने यंत्राच्या बटणाकडे हात नेला. बाईंनी त्याला मानेनेच थांबवलं.

सिद्धाप्पा त्या थांबलेल्या काळजाकडे बघत होता. "म्हंजी... आत्ता गेली ती?"

ती दोन वर्षांपूर्वीच गेली आहे, असं सुकन्याबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"व्हय," दानेश्वरी म्हणाली. "आत्ता गेली."

तो खाली फरशीवर बसला. आधी नुसताच बसला. मग घोंगडं तोंडावर ओढलं आणि त्याच्या आतून असा आवाज आला की शेजारच्या खोलीतल्या नर्स धावत आल्या. माणूस असा रडतो तेव्हा त्याला थांबवायचं नसतं, एवढं कळण्याइतकी सुकन्याबाईंना माणसांची ओळख नक्कीच होती. त्यांनी नर्सना बाहेर पाठवलं आणि स्वतः जाऊन यंत्र बंद केलं. पाटावर काळी काच उरली.

बऱ्याच वेळाने हुंदके ओसरले. बाईंनी पाहिलं तर दानेश्वरी पुन्हा पलंगावर आडवी झाली होती. तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती छताकडे बघत होती आणि तिला धाप लागली होती.

"बाई, त्यो कागद मला द्या," ती म्हणाली. "मला सही येती." तिने श्वास गोळा केला. "अन् माजं कवा करताय?"